देणाऱ्याचे याचकपण

धर्माच्या प्रेरणेने चालणाऱ्या गरिबांच्या सेवेवर आपल्या समाजात दोन आक्षेप नेहमी घेतले जातात, आणि ते केवळ द्वेषापोटी नव्हे तर पुष्कळदा विचारी माणसांकडून घेतले जातात, म्हणून त्यांना तितक्याच विचारपूर्वक उत्तर देणे आपले कर्तव्य ठरते. पहिला आक्षेप वेळेच्या हिशेबाचा आहे: दाराशी उपाशी माणूस उभा असता आणि खाटेवर रोगी तळमळत असता, धर्मभगिनींनी रोजचे कित्येक तास चॅपेलमध्ये गुडघे टेकून घालवावेत हे कोणत्या न्यायात बसते? दुसरा आक्षेप हेतूचा आहे: ही सेवा म्हणजे सेवेच्या मिषाने माणसाला आपल्या पंथाकडे वळविण्याची तजवीज तर नव्हे? पहिल्या आक्षेपकाला प्रार्थना निरुपयोगी वाटते आणि दुसऱ्याला ती धोक्याची वाटते. माझे म्हणणे असे की, कॅथलिक परंपरेतील थोर सेवकांनी प्रार्थना आणि सेवा यांचा जो संबंध मानला आणि आचरला, तो नीट ध्यानात घेतला म्हणजे या दोन्ही आक्षेपांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

या परंपरेचा मूळ दस्तऐवज मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात आहे. तेथे अखेरच्या न्यायनिवाड्याचे जे चित्र येते त्यात न्यायासनावर बसलेला राजा कोणाला किती उपवास केले, किती जप केला, कोणता सिद्धांत मानला, असे काहीच विचारीत नाही. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा आणि बंदिवानाची भेट एवढ्या सहाच गोष्टींचा तो जाब घेतो आणि या साऱ्यांच्या रूपाने आपणच तुमच्या दारी आलो होतो असे सांगतो. परंतु या प्रसंगातील एक गोष्ट वाचकांच्या नजरेतून सहसा निसटते. ज्यांची प्रशंसा होते ते पुण्यवंतही चकित होतात. आपण हे केव्हा केले याचे त्यांना स्मरणच नसते. ज्या सेवेचा जमाखर्च सेवकाच्याच दप्तरी नसतो, ती सेवा तेथे स्वीकारली जाते. अशी निर्हेतुक वृत्ती माणसाच्या ठायी यावी कशी आणि आल्यावर टिकावी कशी, हा यानंतरच्या दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती अध्यात्माचा एक मोठा प्रश्न होऊन बसला.

चौथ्या शतकात कैसरियाचा महागुरू संत बेसिल याने आपल्या नगराबाहेर रोगी, निराश्रित आणि महारोगी यांच्यासाठी एक मोठी वसाहतच उभारली, आणि तुझ्या कोठारात साठून राहिलेले धान्य भुकेल्याच्या मालकीचे आहे, असे तो धनिकांना बजावीत असे. संत जॉन क्रिसोस्टोम याने तर मंदिरातील वेदीवर रेशमी वस्त्रे चढविणाऱ्या आणि त्याच मंदिराच्या दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाकडे पाठ फिरविणाऱ्या भाविकांची कडक शब्दांत झडती घेतली. गरिबाला देणे ही श्रीमंताची मेहेरबानी नव्हे, ते त्याच्यावरचे देणे आहे, हा विचार या धर्मपित्यांनी निःसंदिग्धपणे मांडला. पण विचाराला कारभाराचे रूप देण्याचे, म्हणजे भक्तीला बंदोबस्ताची जोड देण्याचे जे काम होते, ते ज्यांनी विशेष ताकदीने केले त्यांत सतराव्या शतकातील फ्रान्समधला एक शेतकऱ्याचा मुलगा अग्रभागी आहे.

विन्सेंट दी पॉल १५८१ साली दक्षिण फ्रान्समधील पुई या खेड्यात जन्मला. लहानपणी त्याने गुरे राखली. १६०० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो धर्मगुरू झाला तेव्हा त्याच्यापुढे गरिबांची सेवा नव्हती. चांगले उत्पन्न असलेली जागा मिळवावी आणि घरच्यांना दारिद्र्यातून वर काढावे एवढीच त्याची आकांक्षा होती. शाळेत असताना आपला लंगडा आणि जीर्ण कपड्यातला बाप भेटीला आला असता आपल्याला त्याची लाज वाटली होती, हे त्याने उतारवयात स्वतःच सांगितले आहे. गरिबीतून वर आलेल्या माणसालाच गरिबीची घृणा अधिक असते हा जो सार्वत्रिक अनुभव आहे, त्याला विन्सेंट अपवाद नव्हता. पुढे त्याच्यात जो पालट झाला तो क्रमाक्रमाने झाला, आणि १६१७ हे वर्ष त्या पालटात निर्णायक ठरले.

त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तो शातियाँ नावाच्या छोट्या गावी धर्मगुरू म्हणून काम पाहत होता. एका रविवारी मिस्सेसाठी वस्त्रे परिधान करीत असता त्याला निरोप मिळाला की, गावाबाहेरच्या एका एकाकी घरात सारे कुटुंब आजारी आहे आणि पाणी द्यायलाही कोणी धडधाकट उरलेले नाही. त्याने प्रवचनात त्या घराची हकीकत सांगितली. दुपारी तो स्वतः तिकडे निघाला तो वाटेत गावातील बायकांची रीघ लागलेली. कोणी अन्न घेऊन जात आहे, कोणी देऊन परत येत आहे, उन्हाच्या तलखीने कोणी रस्त्याच्या कडेला बसून विसावत आहे. दुसरा एखादा प्रवचनकार आपल्या वाणीचा हा प्रभाव पाहून कृतकृत्य झाला असता. विन्सेंटच्या मनात निराळाच विचार आला. भूतदया उदंड आहे, पण तिला व्यवस्था नाही. आज त्या घरी गरजेपेक्षा जास्त अन्न जाऊन पडेल, त्यातले पुष्कळसे नासेल, आणि उद्या ती माणसे पुन्हा पूर्ववत उपाशी राहतील. थोड्याच दिवसांत त्याने गावातील काही स्त्रियांना एकत्र करून आळीपाळीने सेवा करण्याचे मंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी त्या मंडळाची लेखी नियमावली तयार झाली.

ती नियमावली आजही उपलब्ध आहे आणि सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येकाने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. तीत हिशेब कोणी ठेवावा, पैसा कोठे ठेवावा, पाळी कशी लावावी, हे सारे आहेच. पण तिचा आत्मा दिसतो तो आजाऱ्याला जेवण कसे द्यावे हे सांगणाऱ्या भागात. सेविकेने रोग्याजवळ जावे ते हसतमुखाने आणि प्रेमाने. पलंगावर लहानसे मेज मांडावे. त्यावर स्वच्छ रुमाल अंथरावा. पेला, चमचा आणि पाव ठेवावा. रोग्याचे हात धुवावेत. भोजनापूर्वीची प्रार्थना म्हणावी. मग वाडग्यात सूप वाढावे आणि मांस ताटलीत घालावे. आणि आपल्या पोटच्या मुलाची करावी तशी समजूत काढून, आग्रह करून त्याला चार घास खायला लावावेत. या सगळ्याच्या शेवटी एक कलम येते. ज्या रोग्याजवळ घरचे कोणी असेल त्याच्यापासून सुरुवात करावी आणि ज्याला कोणीच नाही त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल.

हे कलम लिहिणाऱ्या माणसाचे मन क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. अन्नवाटपाचा विचार करणारा कोणताही कार्यक्षम कारभारी अंतराचा विचार करील, खर्चाचा करील, अन्न गरम राहण्याचा करील. ज्याला कोणी नाही त्याला अन्नाइतकीच सोबतीची भूक असते आणि त्या भुकेची तरतूद फेरीच्या क्रमातच करून ठेवली पाहिजे, हे सुचण्यासाठी केवळ कार्यक्षमता पुरत नाही. त्यासाठी त्या एकाकी खाटेपाशी मनाने आधी पुष्कळ वेळ बसलेले असावे लागते. विन्सेंट जिला ध्यान म्हणत असे त्या मूक प्रार्थनेत तो नेमके हेच करीत असे, असे मला वाटते.

१६३३ साली लुईझ दी मारियाक या विधवा स्त्रीच्या साहाय्याने त्याने ‘दयेच्या कन्या’ हा संघ स्थापन केला. त्या काळी स्त्रियांच्या धर्मसंघांना मठाच्या चार भिंतींआड राहण्याचे बंधन होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ते १५६३ मध्ये अधिकच कडक केले होते. विन्सेंटने या बंधनाशी झगडा केला नाही. आपल्या भगिनींना त्याने रूढ अर्थाने जोगिणी होऊच दिले नाही. आजाऱ्यांची घरे हाच तुमचा मठ, भाड्याची खोली हीच तुमची कोठडी, गावचे चर्च हेच तुमचे चॅपेल आणि शहराचे रस्ते हीच तुमची ओसरी, अशा आशयाची त्याची शिकवण होती. संघातील पहिली भगिनी मानली जाणारी मार्गरित नासो ही सुरेन गावची गुराखी मुलगी. गुरे राखता राखता ती स्वतःच्या हिंमतीवर अक्षरे शिकली आणि मग इतर मुलींना शिकवू लागली. प्लेगने ग्रासलेल्या एका स्त्रीला तिने स्वतःच्या बिछान्यात जागा दिली आणि त्याच रोगाने १६३३ मध्ये तिचा अंत झाला.

या भगिनींना विन्सेंटने दिलेली एक आज्ञा सुप्रसिद्ध आहे. प्रार्थना चालू असता एखाद्या गरिबाची हाक आली तर प्रार्थना तशीच सोडून उठावे आणि मनात कसलीही टोचणी ठेवू नये, कारण देवासाठीच देवाला सोडून जाणे हा काही देवाचा त्याग नव्हे. ही आज्ञा आजकाल फार उत्साहाने सांगितली जाते, आणि तिच्या आधारे प्रार्थनेला दुय्यम ठरविण्याचा मोहही पुष्कळांना होतो. तो मोह टाळला पाहिजे. ज्या माणसाने ही मुभा दिली तो स्वतः पहाटे चार वाजता उठून सकाळचा एक तास ध्यानात घालवीत असे आणि आपल्या संघांकडूनही तशीच शिस्त पाळवून घेत असे. प्रार्थना सोडून उठण्याचा अधिकार ज्याला प्रार्थना आहे त्यालाच असतो. ज्याने कधी गुडघे टेकलेच नाहीत, त्याला उठण्याचा प्रश्न येतो कोठे? आणि जो गुडघ्यांवरून उठून दाराशी जातो, तो उंचावरून खाली उतरून येणाऱ्यापेक्षा निराळ्या नजरेने दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतो.

या नजरेतच माझ्या प्रतिपादनाचे सार आहे. प्रार्थनेचे समर्थन करताना भाविक माणसे बहुधा असे सांगतात की, प्रार्थनेने सेवेला बळ मिळते, थकवा जातो, मन प्रसन्न राहते. हे समर्थन मला अपुरे वाटते, आणि ते अपुरे असल्याचा पुरावा कोलकात्याच्या मदर तेरेसांच्या चरित्रात आहे. १९५० साली त्यांनी ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ हा संघ स्थापन केला आणि १९५२ मध्ये कालीघाटच्या मंदिराशेजारी, कोलकाता महापालिकेने दिलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, ‘निर्मल हृदय’ हे मरणासन्नांसाठीचे आश्रयस्थान सुरू केले. कामाचा पसारा वाढत गेला तेव्हा सामान्य व्यवहाराचा न्याय लावून त्यांनी प्रार्थना कमी करायला हवी होती. त्यांनी उलट केले. पूर्वी आठवड्यातून एकदा होणारी पवित्र साक्रामेंताची तासभराची आराधना १९७३ पासून रोज होऊ लागली. आणि या रोजच्या तासात त्यांना स्वतःला काय मिळत होते? त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खाजगी पत्रांवरून जगाला कळले की, कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देवाच्या अस्तित्वाचा प्रत्यय येत नव्हता. अंतरात होता तो अंधार आणि रितेपण. ज्या प्रार्थनेतून प्रसन्नता मिळत नाही, बळ मिळाल्याची जाणीवही होत नाही, ती प्रार्थना एक बाई जवळजवळ पन्नास वर्षे न चुकता करीत राहते. तेव्हा प्रार्थनेचे प्रयोजन प्रसन्नतेपलीकडचे काहीतरी असले पाहिजे.

ते प्रयोजन असे की, प्रार्थनेत माणूस याचक असतो. तेथे त्याचे पद, पदवी, कर्तृत्व, देणग्यांच्या पावत्या यांतले काही चालत नाही. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तीत कोठार भरण्याची मागणी नाही. आजच्या दिवसाचे अन्न आणि केलेल्या अपराधांची क्षमा या गोष्टी तीत मागायच्या असतात, आणि त्या लक्षाधीशाने व भिकाऱ्याने सारख्याच शब्दांत मागायच्या असतात. जो माणूस रोज सकाळी अशा रीतीने हात पसरतो, त्याला दुपारी दुसऱ्याच्या पसरलेल्या हातात काही घालताना आपण देणारे आहोत असा अहंकार बाळगणे कठीण जाते. मदर तेरेसांच्या वाट्याला आलेले रितेपण या दृष्टीने पाहिले तर ते त्यांच्या सेवेच्या आड आलेले दिसत नाही. रस्त्यावर टाकून दिलेल्या माणसाचे टाकलेपण त्यांनी आतून ओळखले होते. सेवेला सर्वांत मोठा धोका थकव्याचा नसून वरचढपणाचा आहे, आणि त्या धोक्यावर गुडघे टेकण्याइतका खात्रीचा उतारा मला तरी दुसरा माहीत नाही.

याचा अर्थ प्रार्थना केली की सेवेतील सर्व दोष माफ होतात असा मात्र नाही. मदर तेरेसांच्या आश्रमांतील वैद्यकीय व्यवस्थेवर, विशेषतः वेदनाशामक औषधांच्या उणिवेवर, १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात टीका आली होती. तिचा विचार ‘त्या संत होत्या’ एवढे म्हणून टाळता येण्यासारखा नाही. भूतदयेला व्यवस्था हवी हे शातियाँच्या रस्त्यावर विन्सेंटने जाणले होते. तिला विद्याही हवी हे आपल्या काळाने जाणले पाहिजे. वेदना कमी करण्याचे साधन उपलब्ध असता ते न वापरणे ही भक्तीची खूण होऊ शकत नाही.

आणखी एक आक्षेप याहून खोल जातो. गरिबाच्या घरी अन्न पोहोचविण्यापेक्षा त्याला गरीब ठेवणारी समाजरचना बदला, असे न्यायप्रिय माणसे म्हणतात. धर्माच्या सेवेला असेच एक आव्हान १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानेही ऐकले होते. तुमच्या धर्माने भूतकाळात काय केले ते सांगू नका, आज काय करता ते दाखवा, असे त्याला त्याच्या प्रतिपक्षाने सुनावले, तेव्हा त्याने मूठभर सोबत्यांसह गरिबांच्या घरी प्रत्यक्ष जाण्याचा उपक्रम सुरू केला. दयेच्या कन्यांपैकी सिस्टर रोझाली रांदू यांनी मुफतार वस्तीतील दरिद्री कुटुंबांचे पत्ते त्यांना दिले. विन्सेंटच्याच नावाने चालणारी ही ‘सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटी’ आज जगभरातील धर्मग्रामांत काम करते. ओझानाम पुढे सॉर्बोनमध्ये परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक आणि दान्तेचा व्यासंगी अभ्यासक झाला. पण दरिद्र्यांच्या जिन्यांवरून चढउतार करणे त्याने सोडले नाही, आणि तेथे जे पाहिले त्यावरूनच तो अशा निष्कर्षाला आला की, वाटसरूच्या जखमांवर तेल ओतणे हे दयेचे काम असले तरी त्याच्यावर हल्लाच होऊ न देणे हे न्यायाचे काम आहे. दया आणि न्याय यांत निवड करायची नसते हे त्याने पुस्तकातून नव्हे तर घरभेटीतून शिकून घेतले. ज्याने गरिबाचे घर पाहिले नाही त्याचा न्याय बहुधा आकड्यांचा राहतो, आणि ज्याने न्यायाचा विचार केला नाही त्याची दया तेच तेच ओले फडके पुन्हा पुन्हा पिळीत बसते.

आता हेतूविषयीच्या संशयाकडे वळू. या संशयाला आपल्या किनाऱ्यावर इतिहासाचा आधार आहे हे कॅथलिकांनी प्रांजळपणे मानले पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज अंमलाखाली धर्मप्रसाराला राजदंडाची साथ होती. १५६० मध्ये स्थापन झालेले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झालेले इन्क्विझिशनचे न्यायासन ही त्या साथीची कठोर आठवण आहे. पण त्याच गोव्याने याच्या अगदी उलट उदाहरणही दिले आहे. बाणावलीस १६५१ मध्ये जन्मलेले संत जुझे वाझ १६८७ साली सिलोनला गेले ते कोणत्याही सत्तेच्या आधाराशिवाय. तेथील डच अंमलात कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव होता, म्हणून त्यांना वेष पालटून, हालअपेष्टा सोशीत फिरावे लागले. आणि कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात पोहोचले तेव्हा पोर्तुगिजांचा हेर समजून १६९२ मध्ये त्यांना कैदेत टाकण्यात आले.

पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्यांना पळता आले ते पळाले; घरोघरचे रोगी मागे राहिले, कोणी रानात नेऊन टाकले गेले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, त्यांना भरविले, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली. रोगी कोणत्या धर्माचा याची चौकशी त्यांनी केली नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. ज्याच्या पाठीशी सत्ता नाही आणि ज्याच्या हातात फक्त पाण्याचे भांडे आहे, अशा माणसाच्या सेवेत दडपशाहीला वावच राहत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ मधील आपल्या पहिल्याच परिपत्रकात हे तत्त्वरूपाने नमूद करून ठेवले आहे: प्रेम हे निर्मोल असते, दुसरा कोणताही हेतू साधण्यासाठी ते करायचे नसते, आणि दयाकार्य हे धर्मप्रसाराचे साधन करता कामा नये. याच परिपत्रकात प्रार्थनेला दिलेला वेळ सेवेतून वजा होत नाही, असे सांगताना त्यांनी मदर तेरेसांचा दाखला दिला आहे. निर्मल हृदयात मरणासन्न रोग्यांना गुपचूप बाप्तिस्मा दिला जाई असा आरोप संघातून बाहेर पडलेल्या एका भगिनीने केला होता. जेथे असे घडले असेल तेथे ते या तत्त्वाचे उल्लंघनच होय आणि त्याचे समर्थन करू नये.

प्रार्थना आणि सेवा एकाच देहात नांदताना मराठी माणसाने पाहिलेली आहेत. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, असे गाडगे महाराजांचे जीवन ज्या भूमीत १९५६ पर्यंत प्रत्यक्ष चालत होते, तेथे या गोष्टीसाठी फ्रान्सचा दाखला सक्तीचा नाही. तरीही तो देण्याचे कारण असे की, आपल्या आजच्या दानधर्माला जे वळण लागले आहे त्याला विन्सेंटच्या नियमावलीची नितांत आवश्यकता आहे. थंडीत घोंगड्या वाटल्या जातात, पावसाळ्यापूर्वी वह्या आणि छत्र्या वाटल्या जातात, सणाला शिधा वाटला जातो. आणि बहुतेक ठिकाणी घेणाऱ्याला देणाऱ्यासह छायाचित्रासाठी उभे केले जाते, पिशवीवर देणाऱ्याचे नाव छापलेले असते, आणि रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला आपले नाव कोणी विचारीत नाही, विचारले तर ते यादीशी रुजवात घालण्यापुरते. हे करणारी माणसे दुष्ट नसतात, पुष्कळदा ती खरोखर दयाळू असतात. उणीव आहे ती याचकपणाच्या अनुभवाची. ज्याने कधी कोणापुढे हात पसरला नाही त्याला, छायाचित्रात पसरलेल्या हाताला काय वाटत असेल याची कल्पना येत नाही.

ही उणीव आपल्या चर्चमध्ये नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. वसईपासून साष्टीपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांतील सणांची रोषणाई, मंडप, बँड आणि जेवणावळी यांवर जो खर्च होतो त्याची, आणि त्याच धर्मग्रामाच्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी, वीटभट्टीवर आणि बांधकामावर राबणाऱ्या स्थलांतरितांसाठी जो खर्च होतो त्याची, दोन्ही रकमा एका पानावर मांडून मिस्सेनंतर वाचून दाखविल्या जाव्यात. क्रिसोस्टोमचा प्रश्न सोळा शतकांनंतरही आपल्या दाराशी उभा आहे. रोज तासभर आराधना करून ज्याला शेजारच्या चाळीतील आजारी माणसाचे नाव ठाऊक नसते, त्याने आपल्या प्रार्थनेविषयी खातरजमा करून घ्यावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ठरविल्यानुसार, २०१७ पासून दर वर्षी नोव्हेंबरमध्ये, ख्रिस्तराजाच्या सणाच्या आदल्या रविवारी, कॅथलिक जगात ‘गरिबांचा दिवस’ पाळला जातो. त्या दिवशी केवळ देणगीची थैली फिरवून मोकळे होऊ नये, अशी माझी धर्मबांधवांना विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने एका घरी स्वतः जावे. जाण्यापूर्वी थोडा वेळ निःशब्द प्रार्थनेत घालवावा आणि आपणही मागणारेच आहोत याचे स्मरण करावे. छायाचित्र काढू नये. धर्म विचारू नये. आणि फेरीत अनेक घरे असतील तर ज्याला कोणी नाही त्याच्याकडे शेवटी जावे. अन्य धर्मीय वाचकांना एवढेच सांगणे आहे की, आमच्या सेवेविषयी संशय आला तर तो मनात न ठेवता उघड विचारावा आणि आमची कसोटी याच नियमांवर घ्यावी. या नियमांत जी सेवा बसणार नाही तिला, ती करणारा कितीही प्रार्थना करीत असला तरी, ख्रिस्ताची सेवा म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.